जुनी फोर बाय फोर घेताना आणि रानात उतरवताना

मराठवाड्यात फोर बाय फोर गाडीची परीक्षा दोन गोष्टी घेतात, काळी माती आणि काळा खडक. पावसाळ्यात काळी माती चाकाला असा थर देते की नक्षीचा टायर गुळगुळीत ढोल होऊन बसतो. बालाघाट आणि अजिंठा रांगेतल्या वाटांवर बेसाल्टचे धारदार दगड टायरची कड आणि इंजिनचं पोट शोधत असतात. त्यात मे महिन्यात पारा पुष्कळदा ४२-४३ च्या घरात जातो. म्हणून पुण्या-मुंबईकडचे व्हिडिओ पाहून गाडी निवडण्याआधी आपल्या रानाला काय लागतं ते बघा. आमचं म्हणणं सरळ आहे: कोणीही हात न लावलेली, कंपनीने दिली तशी गाडी घ्या. नंतरचा पैसा टायर, तेल, कुलिंग आणि ओढायच्या हुकांवर घाला. बाकी सगळं मागून.

किमतीचा हिशोबही त्याच अंगाने करा. ठरवलेल्या रकमेतला किमान चौथा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यात गाडी शोधा. जुनी गाडी घरी आली की पहिल्या तीन महिन्यांत तो हिस्सा लागतोच.

कोणती गाडी

आधी नीट खात्री करा की ती खरोखर फोर बाय फोर आहे. थार, बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी, फॉर्च्युनर, एन्डेव्हर या सगळ्या गाड्या दोन चाकांच्या ओढीच्याही विकल्या गेल्या आहेत. नवीन थारमध्ये तर जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांची ओढ असलेलं मॉडेल आलं, आणि बाहेरून ते सारखंच दिसतं. आरसीवरचं मॉडेलचं पूर्ण नाव वाचा, आत ट्रान्सफर केसचा, म्हणजे ओढ पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा, लिव्हर किंवा नॉब बघा, मग खाली वाकून पुढच्या ॲक्सलवर हाऊसिंग (गिअरांचा गोल डबा) आणि पुढे जाणारी प्रॉपेलर शाफ्ट (ओढ नेणारा फिरता दांडा) बघा. ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ लिहिलेल्या पण लो गिअर नसलेल्या शहरी एसयूव्ही या कामाच्या नाहीत. उतारावर इंजिनच्या जोरावर संथ उतरणं आणि दगडावर चाक अलगद ठेवणं हे लो गिअरचं काम आहे.

जिप्सी हलकी आहे, साधी आहे, आणि पेट्रोलवर चालते. तिचं वजन हजार किलोच्या आसपास, म्हणून चिखलात ती कमी रुतते आणि रुतली तरी दोन माणसं आणि एक खोरं पुरतं. पुढे-मागे दोन्हीकडे अख्खा ॲक्सल आणि पाटे. दणके खाते, पण बसणाऱ्यालाही देते. उत्पादन थांबलेलं असलं तरी सुटे भाग अजून मिळतात. २०२० पूर्वीची डिझेल थार मराठवाड्यात सगळ्यात सोयीची पडते, कारण तिचं काम येणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो. तिच्या २०१५ नंतरच्या गाड्यांत मागच्या डिफ्रन्शियलला (ॲक्सलच्या मधली, डाव्या-उजव्या चाकांना ओढ वाटणारी गिअरपेटी) आपोआप लागणारा लॉक आहे, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसरं ओढत राहतं. गुरखात दोन्ही ॲक्सलना लॉक मिळतात, पण गाडी जड आणि मंद. नवीन थार आणि जिम्नी जुन्या बाजारात येतात, पण भाव अजून चढे आहेत. सफारी, एन्डेव्हर, फॉर्च्युनर यांचं वजन दोन टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त जातं. पहिली गाडी म्हणून काळ्या मातीत त्या नकोत.

जुन्या एमएम-५४० किंवा मेजरच्या जिवावर बनवलेल्या, चकचकीत रंगाच्या, रुंद टायरच्या जीप दिसायला मोह घालतात. त्यात इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, चेसिस तिसरीची असं असतं. इंजिनवरचा आणि चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीवरच्या नंबरांशी जुळला नाही, तर ती गाडी तुमच्या नावावर होणार नाही. नंबर जुळत नसेल तर भाव विचारूच नका.

कागद

जवळपासच्या गाड्या साधारण एमएच-२० ते एमएच-२६, एमएच-३८ किंवा एमएच-४४ या नंबरांच्या असतील. लातूर-नांदेडकडच्या लोकांना हैदराबादची गाडी जवळ पडते, पण परराज्यातली गाडी आणली की तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो आकडा आरटीओत विचारून मगच सौदा करा. स्वस्त पडलेली गाडी टॅक्स भरल्यावर इथल्याच भावाला येते, असं पुष्कळदा होतं. दिल्ली भागातून दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्या स्वस्तात येतात. त्यांची एनओसी हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा: नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, बँकेचा बोजा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण होतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी भरून त्याच दिवशी कामाला लावा. ‘नंतर करू’ म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन फिरू नका. विम्याची पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करायची अर्जाची तारीख वहीत लिहून ठेवा. थकलेली ई-चलनंही तपासा, ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली आहे का, तेही त्याच वेळी बघा.

गाडी बघताना

गाडी सकाळी बघायला जा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर परत दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन एका-दोन सेल्फमध्ये चालू व्हायला हवं. पहिल्या मिनिटात थोडा धूर चालतो, पण नंतरही निळसर धूर येत राहिला तर तेल जळतंय. चालू इंजिनवर तेल भरायचं झाकण हलकेच उघडून त्यावरच उलटं ठेवा. झाकण थरथरलं तर चालतं, पण उडून पडलं किंवा तिथून धूर फुरफुरला तर रिंग-पिस्टन थकलेत. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. कुलंट गंजाच्या रंगाचं किंवा वर तेलाची साय आलेलं असेल तर त्या गाडीला नाही म्हणा.

आता खाली झोपा. खरी किंमत तिथे आहे. ताडपत्री, टॉर्च, छोटी हातोडी आणि चुंबक बरोबर न्या. चेसिसवर हातोडीने एक-एक वितीवर हलकेच ठोका. निरोगी लोखंड टणटण वाजतं, आतून गंजलेलं थप्प असा आवाज देतं. मागच्या पाट्यांचे हँगर, शॅकलची (पाट्याचं टोक धरणारी झुलती कडी) जागा, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा, इंजिन माउंट आणि बॉडी माउंट या पाच जागांवर विशेष ठोका, कारण चिखल तिथेच अडकून बसतो. काळी माती पाणी धरून ठेवते. धुतल्यासारखी वाटली तरी चेसिसच्या पोकळीत महिनाभर ओल राहते. नुकताच काळा अंडरकोट मारलेली चेसिस असेल तर दुप्पट सावध व्हा. चुंबक फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. वेल्डिंगच्या खुणा दिसल्या की कशामुळे हे विचारा, उत्तर पटलं नाही तर सोडून द्या.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तीन ठिकाणं: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, टोकाला गाळाची रेघ असेल, सीटचे बोल्ट गंजलेले असतील, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला वाळलेला गाळ असेल. यातली एक खूण दिसली तरी वायरिंगची खात्री देता येत नाही.

डिफ्रन्शियल आणि ट्रान्सफर केसचा लेव्हल बोल्ट उघडायला लावा. करंगळी घालून तेल काढा आणि अंगठ्यात चोळा. स्वच्छ तेल मधासारखं दिसतं, काळपट झालेलं तेल बदलून भागतं. दुधाळ, चहासारखं तेल म्हणजे आत पाणी गेलंय आणि बेअरिंगं केव्हा बोलायला लागतील ते सांगता येत नाही. बोल्टच्या चुंबकावर काळी मलईसारखी पूड असणं साहजिक आहे. पण बोटाला टोचणारा कण लागला तर दात तुटलाय.

पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा आणि मागच्या चाकांना ओट लावा. चाक वर-खाली धरून हलवा: लूज असेल तर बेअरिंग किंवा किंगपिन (ज्यावर चाक वळतं तो खिळा). डावी-उजवीकडे धरून हलवा: लूज असेल तर टाय रॉड एन्ड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा). अख्ख्या ॲक्सलच्या गाड्यांत हा लूजपणा साठला की ५०-६० च्या वेगात स्टिअरिंग हातातून सुटल्यासारखं थरथरतं. लोक तेव्हा फक्त स्टिअरिंगचा डॅम्पर (थरथर शोषणारा दांडा) बदलतात, पण दोष किंगपिन आणि टाय रॉडमध्येच राहतो. जुन्या जीपमध्ये पुढच्या नकलच्या (चाक वळवणारा सांधा) गोळ्याभोवती ग्रीस मिसळलेलं तेल ओघळलेलं दिसलं तर सील गेलेलं आहे. ते काम छोटं नाही, भावात धरा.

फोर बाय फोर खरंच लागतो का ते याच स्टँडवर तपासा. इंजिन बंद, पहिला गिअर, हँडब्रेक ओढलेला. टू-हाय (फक्त मागच्या चाकांची ओढ) ठेवून दोन माणसांनी पुढची दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरवावीत. मग फोर-हाय (चारही चाकांची ओढ, नेहमीचा वेग) टाका आणि परत फिरवा, आता पुढची प्रॉपेलर शाफ्ट अडकली पाहिजे. ती सहज फिरत राहिली तर ट्रान्सफर केस आतून जोडला जात नाही. शाफ्ट उभी आणि चाक मात्र मोकळं फिरतंय, तर हबमध्ये (चाकाच्या मध्याची जोडणी) दोष. काही गाड्यांत पुढचे हब हाताने फिरवायचे असतात, काहींत व्हॅक्यूमच्या नळीने जोडले जातात. नळी तडकली की आत दिवा लागतो पण पुढचं चाक ओढत नाही. नॉबवर चालणाऱ्या गाड्यांत, वर्षानुवर्षं नॉब न फिरवल्याने मोटर अडकून बसते. ‘आम्ही कधी फोर बाय फोर वापरलाच नाही’ हे वाक्य विकणारे अभिमानाने सांगतात, पण ते ऐकून खूश होऊ नका, तपासा.

त्यानंतर मुरमाच्या किंवा मोकळ्या मातीच्या जागी चालवून बघा. डांबरावर फोर-हाय लावून वळू नका. पुढचा आणि मागचा ॲक्सल वळणात वेगवेगळं अंतर कापतात, डांबरावर चाक घसरू शकत नाही, आणि तो ताण सगळा गिअरांवर जातो. फोर-लो (चारही चाकं, लो गिअर) साठी गाडी थांबवा, न्यूट्रल, क्लच दाबलेला, लिव्हर एका दमात. पहिल्या गिअरला पायाचा आधार काढून घेतला तरी गाडी चढावर रांगत गेली पाहिजे. गिअर आपोआप बाहेर उडत असेल, तर तो ट्रान्सफर केस उघडायचाच आहे. पुढे-मागे करताना ‘टक्क’ आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, झिजलेत. हे स्वस्त काम आहे, फक्त किमतीत धरा.

घरी आल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळी तेलं बदला, कितीही स्वच्छ दिसली तरी. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं-मागचं डिफ्रन्शियल. डिफ्रन्शियलला जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० चालतं. गिअरबॉक्समध्ये मात्र मॅन्युअलमध्ये जो दर्जा लिहिला असेल तोच घाला, कारण पितळी सिंक्रो असलेल्या पेटीला जीएल-४ लागतं आणि चुकीच्या तेलाने गिअर घुरघुरू लागतो. ब्रेक ऑइल बदला, क्रॉस आणि शॅकलना ग्रीस भरा. ग्रीस गनने जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबा.

मग ब्रीदर. हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं, तरीही नवखे विसरतात. डिफ्रन्शियलच्या वर एक छोटं भोक असतं, त्यातून गरम हवा बाहेर जाते. तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बुजलेला असेल तर ती सील ओलांडून पाणी आत ओढते. चहासारखं तेल असंच तयार होतं. प्रत्येक हाऊसिंगला, गिअरबॉक्सला आणि ट्रान्सफर केसला साधारण ८ मिलीमीटरची डिझेल नळी जोडा, इंजिनच्या खोलीत सगळ्यात उंच जागी नेऊन तोंड खाली वळवा आणि छोटी जाळी लावा. नळी गरम सायलेन्सरपासून हातभर दूर ठेवा.

कुलिंगला इकडे दुय्यम समजू नका. रेडिएटरच्या पात्यांत धूळ, कापसाचे तंतू आणि वाळलेला गाळ अडकतो. मागून पुढे, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. जोराचं प्रेशर पात्या वाकवतं. कुलंट ५० टक्के घाला, विहिरीचं क्षारयुक्त पाणी नको. ते आत पांढरा थर देतं आणि थर्मोस्टॅट अडकतो. फॅन क्लच थंड इंजिनवर हाताने फिरवून बघा, मोकळा गरगरला तर तो कामातून गेलाय. फोर-लो मध्ये इंजिनचा वेग जास्त आणि गाडीचा वेग कमी असतो, म्हणजे हवा कमी मिळते. बरीच इंजिनं तिथेच तापतात.

एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करू नका. धूळ जोरात उडत असेल तर दर फेरीनंतर डबा उघडून हलका झटका द्या, आणि सील नीट बसलंय का बघा. स्नॉर्केल (इंजिनला वरून हवा देणारी उंच नळी) लावला म्हणजे पाण्यात जाता येतं असं नाही. इंजिन वाचतं, पण वायरिंग, ब्रेक आणि ॲक्सल पाण्यातच राहतात.

टायर

आरसीनंतरचा सगळ्यात मोठा निर्णय हा आहे. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षं झालेला टायर, कितीही नक्षी शिल्लक असली तरी, बदला. उन्हाने कडेची भिंत सुकते आणि खडकावर तीच फाटते.

ऑल टेरेन की मड टेरेन यावर वाद घालत बसू नका. रस्त्यावर जास्त, मुरूम-खडकावर कधीमधी, असं असेल तर ऑल टेरेन. पावसाळ्यात शेतरस्त्यावरूनच जायचं असेल तर मड टेरेन, कारण त्याच्या रुंद घड्यांतून थोडा वेग दिला की माती झटकली जाते. ऑल टेरेनच्या बारीक घड्या चिकट मातीने एकदाच भरतात आणि मग मोकळ्या होत नाहीत. रुंदी वाढवण्याच्या मोहात पडू नका. कंपनीच्या मापापेक्षा थोडा उंच पण अरुंद टायर काळ्या मातीत जास्त चालतो. चारही टायर एकाच मापाचे आणि झिजेचे असू द्या, नाहीतर ट्रान्सफर केसवर सतत ताण येतो. सुटा पाचवाही त्याच मापाचा हवा.

सगळ्यात जास्त पंक्चर कशाने होतात? तूर आणि कपाशीच्या धसकटांनी. पीक काढल्यावर तिरकस कापलेली ती खुंटं वाळून खिळ्यासारखी उभी राहतात, आणि बाभळीचा काटा असला तरी बहुतेकदा नक्षीत अडकतो. धसकट मात्र कडेच्या भिंतीत जातं, आणि भिंतीला पॅच बसत नाही. म्हणून कापणी झालेल्या रानातून गाडी घालणं टाळा. गेलात तर वळू नका, सरळ चला. हवेचा हिशोब असा धरा: रस्त्यावर ३०-३२ पीएसआय, दगड-मुरमाच्या वाटेवर २२-२४, चिखलात १८-२०, नदीच्या वाळूत १५-१६. पंधराच्या खाली गेलात की वळताना टायर रिममधून निसटतो. परत डांबरावर आलात की हवा भरूनच वेग वाढवा. गेज आणि १२ व्होल्टचा कंप्रेसर गाडीत असलाच पाहिजे, आणि तो थेट बॅटरीला जोडा, लायटरच्या सॉकेटला नाही. फ्यूज उडतो.

ओढण्याची सोय

गाडी रुतणार हे धरूनच चला. पुढे दोन आणि मागे एक-दोन ओढायचे हुक चेसिसला १०.९ दर्जाच्या बोल्टने बसवा, वेल्डिंगने नव्हे. चिकलठाणा किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीत ८ ते १० मिलीमीटरच्या प्लेटचं हे काम करणारे भेटतात. ट्रेलरचा गोळा किंवा गाडी ट्रकवर बांधायला दिलेली नाजूक कडी ओढायला कधीही वापरू नका. गोळा तुटला तर तो गोळीसारखा सुटतो. दोर हुकाला जोडायचा शॅकल (पिनेची कडी) जिप्सीला ३.२५ टनाचा आणि थारसारख्या गाड्यांना ४.७५ टनाचा घ्या. पिन पूर्ण आवळून पाव आटा मागे घ्या, म्हणजे जोर आल्यावर अडकत नाही.

दोर दोन प्रकारचे. ताणणारा कायनेटिक दोर गाडीने गाडी ओढायला, आणि न ताणणारा पट्टा हळू ओढायला. ट्रॅक्टरने ओढणार असाल तर न ताणणारा पट्टा, पहिल्या गिअरला आणि झटका न देता. गावात ट्रॅक्टर आणि साखळी सगळ्यात आधी हाताशी येतात. पण साखळीला झटका दिला की कडी तुटून काचेतून आत येते. साखळीच वापरावी लागली तर आधी ताण घ्या आणि मग ओढा, मध्यावर ओलं गोणपाट टाका, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणालाही उभं राहू देऊ नका.

जॅकखाली ३० बाय ३० सेंटीमीटरची दोन थरांची जाड प्लायवूडची फळी ठेवा. फळीशिवाय जॅक लावला तर काळ्या मातीत गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. लांब दांड्याचं खोरं, दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खाचांच्या फळ्या), हातमोजे, टॉर्च, अग्निशामक आणि माणशी पाच लिटर पाणी. एवढं झालं की बाकीची यादी पुढच्या वर्षी करा.

लिफ्ट, बुलबार, दिवे

पहिलं वर्ष लिफ्ट करू नका, म्हणजे गाडीची उंची वाढवू नका. उंची वाढली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर झिजतात, आणि सरळ धावणारी गाडी भटकायला लागते. मोठ्या टायरने गिअरचं गणित बिघडतं, ब्रेक लांबतो. पाटे थकले असतील तर ते नवीन बसवा, तेवढ्यानेच गाडी इंच-दीड इंच उठते. त्यापेक्षा इंजिनच्या तेलाच्या पेटीखाली ४ मिलीमीटरची लोखंडी प्लेट लावा, तिला तेल सोडायचं भोक आणि माती निसटायला झरोके ठेवा. बालाघाटच्या उंचसखल वाटेवर तीच वाचवते.

केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बुलबार आणि क्रॅश गार्डवर बंदी घालण्याचे आदेश दिले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत नोंदीविना फेरफार चालत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे. म्हणजे अपघात झाला तर विमा नाकारायला कारण मिळतं. दिवे लावायचेच असतील तर रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज लावून, आणि रस्त्यावर झाकून ठेवा.

वाफसा बघूनच उतरा

शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, तुम्हीही तोच नियम पाळा. बोट-दोन बोट खालची माती मुठीत घेऊन दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, गाडी जाईल. तसाच चिकटून राहिला तर नाही. वरून पापुद्रा वाळलेला आणि खाली लोणी अशी जागा सगळ्यात फसवी. आत जाताना गाडी पापुद्र्यावर तरंगत जाते, येताना तीच वाट मोडून जाते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगांत अर्धं चाक बसतं, त्यामुळे वाळलेलं रानही आधी पायाने बघून घ्या.

आणि गाडी कोणाच्या रानात घालताय ते विचारूनच घाला. पेरणीच्या आधीच्या ओल्या रानात गेलेलं चाक माती असं दाबतं की त्या पट्ट्यात पीक दबकं राहतं. बांध तर मोडूच नका. पाणंद आणि शिवरस्ता सगळ्यांचा असतो, पण ओला असताना चाकोरी पाडलीत तर दुसऱ्या दिवशी बैलगाडी अडते. गौताळा, नायगावचं मयूर अभयारण्य, येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य इथे वनविभागाच्या परवानगीशिवाय वाट सोडून गाडी नेऊ नका.

पहिल्या चार-पाच वेळा एकटे जाऊ नका, दुसरी गाडी बरोबर असू द्या. फोर-लो खडकाच्या किंवा चिखलाच्या अलीकडेच लावा, अडकल्यावर नाही. चिखलात चाक एक फेरा जागीच फिरलं की पाय काढा. गरगरवत राहिलात तर प्रत्येक फेऱ्यागणिक चाक आत जातं आणि शेवटी हाऊसिंग टेकतं. थांबा, उतरा, चाकाच्या पुढची माती खोऱ्याने उताराची करा, डिफ्रन्शियलखालचा ढीग ओढून काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. पुढे जायचा हट्ट करू नका.

ओढा ओलांडायचा असेल तर आधी काठी घेऊन चालत जा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल आणि तळ खडकाळ असेल तर फोर-लो दुसऱ्या गिअरला, चालण्याच्या वेगाने, मध्ये न थांबता. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत असलं तरी गाडी सरकवतं. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर ती वाट बंद समजा. गोदावरीच्या पात्रात पावसाळ्यात जायकवाडीतून विसर्ग सुरू झाला की पाणी भराभर वाढतं, तिथे वाळूत उतरूच नका. इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, इंजेक्टर किंवा प्लग काढून आतलं पाणी बाहेर येऊ द्या, मगच पुढचा विचार.

फेरी झाल्यावर त्याच दिवशी खालून धुवा, वाळलेली काळी माती दुसऱ्या दिवशी छिन्नीने काढावी लागते. चेसिसच्या पोकळीत पाइप घालून पाणी स्वच्छ निघेपर्यंत सोडा. चाकांच्या आतल्या कडेत बसलेला गोळा काढा, नाहीतर डांबरावर ६० ला स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही विनाकारण बॅलन्सिंगला जाल. प्रॉपेलर शाफ्टला गुंडाळलेलं गवत कापा, सायलेन्सरवर अडकलेलं वाळलेलं गवत तर जागेवरच काढून टाका, ते पेट घेतं. पाण्यातून आलेली गाडी असेल तर डिफ्रन्शियलचा बोल्ट उघडून बोटाने तेल बघा, क्रॉसना ग्रीस भरा. चाकं काढून लावली असतील तर १०० किलोमीटरनंतर नट परत एकदा आवळा.